देवापुढं अकरा पत्रे

कडेगावजवळून,
३ एप्रिल २०२५

शांतवनदादा,

सलाम. फोन करत नाही, कारण परवा मी "नोटीस आली" म्हणून बोंबलले आणि तू "नात झाली? देवाची स्तुती असो" म्हणून फोन ठेवलास. नात झालेली नाही. नोटीस आलेली आहे. मी चौथी नापास, तुझे कान नापास. दोघांत पत्रच बरं.

नोटीस सांगलीची, विश्रामबागच्या वकिलाची. आठवड्यानं त्याच वकिलाचं दुसरं पत्र आलं, पहिलं विसरलो असलो तर आठवण राहावी म्हणून. मजकूर असा की चर्च ज्या जागेवर उभं आहे ती जागा नानासोची आहे आणि आम्ही ती एप्रिलअखेर खाली करावी. नानासो तुला ठाऊक आहे. तू इथं पाळक होतास तेव्हा त्याचा एक ट्रॅक्टर होता, आता जेसीबी आहे. चर्चच्या मागं त्यानं लग्नाचं लॉन काढलंय. गाड्या लावायला जागा पुरत नाही. देवानं एवढी मोठी पृथ्वी केली, पण नानासोच्या वऱ्हाडाला नेमके आपलेच सहा गुंठे पाहिजेत.

मी त्याच्या दारात जाऊन विचारलं, तर चारचौघांत हसून म्हणतो, "दगडाबाई, तुमच्या चर्चला मी दोनशे खुर्च्या फुकट देतो. बसाय माणसं आणा."

लागलं मला. खोटं असतं तर लागलं नसतं. रविवारी आम्ही नऊ जण असतो. त्यात कोंडीबा सावलीला येतो, तो धरून. तू निवृत्त झाल्यापासून सहा वर्षांत नवा पाळक आला नाही. सांगलीचे पाळक महिन्यातनं एकदा येतात आणि एसटीकडं बघत प्रार्थना संपवतात. झाडलोट, घंटा, किल्ली माझ्याकडं. म्हणजे नानासोशी लढायला देवाचं सैन्य म्हणून मी आणि माझा खराटा.

नोटिशीला मागं एक झेरॉक्सचं पान जोडलंय. कोळशाच्या पोत्यातनं काढल्यासारखं काळं. काही वाचता येत नाही.

आणखी एक. माझ्या स्वयंपाकघरावर घालायला अकरा पत्रे आणलेत, ते दारात पडलेत. चर्चचा पण एक कोपरा गळतो. पण चर्चच राहणार नसेल तर त्याच्यावर पत्रा कशाला वाया घालवू?

नोटिशीचं काय आणि पत्र्यांचं काय, दोन्ही कळव. लांबण लावू नको.

दगडा

खंडाळा,
९ एप्रिल २०२५

प्रिय भगिनी दगडाबाई हिस प्रभूच्या नावाने सलाम.

तुझे पत्र वाचून मन व्यथित झाले, परंतु खचले नाही. यशया संदेष्ट्याचे पुस्तक उघड. अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदाची सगळी तटबंदीची नगरे घेऊन यरुशलेमेच्या वेशीशी येऊन ठेपला होता. त्याच्या सरदाराने तटावरच्या लोकांना काय टोमणा मारला, ठाऊक आहे? म्हणाला, मी तुम्हांला दोन हजार घोडे देतो, त्यांवर बसायला स्वार तेवढे आणा. नानासोच्या खुर्च्या आणि त्या सरदाराचे घोडे एकाच बाजारातले आहेत! म्हणून भिऊ नकोस.

हिज्कीया राजाने तेव्हा काय केले? सैन्य जमवले नाही, उलट उत्तर धाडले नाही. पत्रे उचलून तो थेट मंदिरात गेला आणि परमेश्वरापुढे पसरून प्रार्थना करीत राहिला. तूही तसेच कर. पत्रे घरात ठेवून झुरत बसू नकोस. मंदिरात ने आणि परमेश्वरापुढे पसर. पुढचे तो पाहील. यरुशलेमेचे लोक सकाळी उठून पाहतात तो शत्रूच्या छावणीत एक लाख पंच्याऐंशी हजार प्रेते! एक बाणसुद्धा सोडावा लागला नाही.

ते मागचे काळे पान मात्र वेगळे काढून ठेव. कोणाला दाखवू नकोस. त्यात वाचण्यासारखे काही नसेल.

आमचा कपिल कंपनीतून आला की हे टपालात टाकील. सूनबाईचा सलाम.

तुझा बंधू,
शांतवन

कडेगावजवळून,
१६ एप्रिल

दादा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्या दोन वेळी वाटलं, उन्हानं तुझं डोकं फिरलं. पण अक्षर शुद्धीतलं होतं.

पसरले. अकराच्या अकरा. हिज्कीयाचे किती गेजचे होते ते तू लिहिलं नाहीस. राजा होता, जाडच असतील. माझे साधे आहेत, पण देवानं चालवून घ्यावं.

मी आणि कोंडीबानं ते डोक्यावर नेले. कोंडीबा सगळ्या रस्त्यानं विचारत होता, "दगडाक्का, देवाला पत्रं कशाला वं लागत्यात?" म्हटलं, "पाळकानं ल्हिलंय. तुला जास्त कळतंय का त्याला?" तर म्हणतो, "व्हय खरं, पण देवाचं घर गळतंय तर वर घालाय पायजेत, खाली कशाला?" तुला उत्तर येत असेल तर कोंडीबाला वेगळं पत्र लिही.

आत वेदीपुढं तीन मावले. आठ अंगणात घातले. मग गुडघे टेकून म्हटलं, देवा, राजाचे बघितलेस तसे माझेपण बघ. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पहिलं नानासोच्या लॉनकडं गेले, मेलेलं कोण दिसतंय का बघायला. एक मांजर आडवं होतं. ते पण झोपलेलं.

तिसऱ्या दिवशी शेजारची बायडाबाई आली, डोक्यावर चिकाचं पातेलं. म्हणते, "दगडे, हे पत्रं रिकामंच तापवत ठिवणार हाईस का? माझ्या कुरडया घालू का?"

मी म्हटलं, "देवाचे हैत ते."

"मग देव कुरडया खाईत न्हाई व्हय?"

तिच्याशी कोण बोलणार. घातल्या. तिची प्रियदर्शनी विश्रामबागेला वकिली शिकते, सुट्टीला आलीय, ती सोऱ्या दाबत होती. कुरडया एका दिवसात खडखडीत. झालं, गावभर झालं की चर्चच्या पत्र्यावर वाळवण लवकर वाळतं. दुसऱ्या दिवशी गल्ली आली, तिसऱ्या दिवशी वरची आळी. सांडगे, पापड, शेवया. ज्या बाया पंधरा वर्षांत आपल्या पायरीला पाय लावत नव्हत्या त्या आता सकाळी सातला जागेवरनं भांडतात. आणि कोण आलं असेल? हरणाबाई! नानासोची आई, सख्खी. म्हणते, "आमच्या स्लॅबवर नान्यानं सोलर बशिवलाय. बंगला एवढा थोरला, पर कुरडई घालाय टीचभर जागा ठिवली न्हाई." तिला मी मानाचे दोन पत्रे दिले, एक अंगणातला आणि एक वेदीकडचा, खिडकीतनं ऊन येतं तो.

घंटा आता कावळे हाकलायला वाजते. याला विश्वास म्हणतात का, ते कळव. एप्रिल संपायला चौदा दिवस आहेत.

दगडा

खंडाळा,
२२ एप्रिल

दगडे,

अगं, पत्रे म्हणजे कागद! हिज्कीयाला शत्रूकडून आलेली, तुला वकिलाकडून आलेली पत्रे! नोटीस! टिनाचे पत्रे नव्हेत! हिज्कीयाच्या काळी टिनाचे पत्रे कुठले आले?

ताबडतोब सगळे उचल. प्रभूचे अंगण सांडगे वाळवण्यासाठी नाही. शांत राहण्यात आणि भरवसा ठेवण्यात सामर्थ्य आहे, असे यशयाच सांगतो. तू तर जत्रा भरवलीस. एवढ्या बायका येऊ लागल्या म्हणजे बोलणी होतील, कागदपत्रे निघतील, नको ते प्रश्न विचारले जातील. त्या प्रियदर्शनीला तर यात मुळीच घेऊ नकोस. वकिलीची पोर, उगाच खोलात जाईल.

ते काळे पान जपून ठेवले आहेस ना? की फाडून टाकलेस? फाडले असलेस तरी हरकत नाही.

शांतवन

कडेगावजवळून,
२ मे

दादा,

पत्रे उचलले नाहीत. पत्र म्हणजे कागद हे मला कळतं. पण मी एका पत्रात दोन गोष्टी विचारल्या, नोटिशीचं काय आणि पत्र्यांचं काय, आणि तू दोघांना एकच उत्तर दिलंस. चूक माझ्या चौथीची नाही, तुझ्या व्याकरणाची आहे. खरी पत्रं मी डब्यात ठेवली होती, जिऱ्याच्या शेजारी. बरं झालं उचलले नाहीत. ऐक.

परवा, तीस तारखेला सकाळी जेसीबी आला. मागं नानासो, पांढरे कपडे, काळा चष्मा. अंगणात आठ पत्रे, त्यावर तीस-पस्तीस घरांचं वाळवण, आणि कडेनं बाया. ड्रायव्हर मशीन सुरू ठेवून खाली बघतोय, चाक कुठं टाकू. टाकायला जागाच नव्हती. एकीकडं कुरडया, एकीकडं सांडगे.

नानासो ओरडला, "आवं, उचला की ते! कुणाचं हाय ह्ये?"

बायडाबाई म्हणाली, "तुझ्या काकीचं हाय, तुझ्या मामीचं हाय, आन् ह्यो पत्रा तुझ्या आईचा हाय. कुठनं सुरवात करतूस?"

हरणाबाई चर्चच्या दारातनं बाहेर आली. हातात झारा होता, का होता ते विचारू नको. म्हणाली, "नान्या, माज्या सांडग्यावर चाक घाल. घाल की. आन् मग दुपारी जेवाय ये, बघती तुला."

"आई, जागा आपली हाय!"

"मग कुरडया काय परक्या हैत व्हय रं?"

ड्रायव्हरनं मशीन बंद केलं. मला हसू आवरेना. एक लाख पंच्याऐंशी हजार मेले नाहीत, पण एक जेसीबी मेला. मी म्हटलं, देवा, तुला पत्र्याचा अर्थ माझ्यासारखाच लागला वाटतं.

हसू तिथंच संपलं. नानासोनं खिशातनं कागद काढला आणि म्हणाला, "माझ्यावर कशाला तोंड टाकताय? तुमच्याच पाळकानं ल्हिऊन दिलंय."

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "खोटं हाय. माझा भाऊ असलं करणार न्हाई." असं एकदा नाही, तीनदा म्हटलं.

प्रियदर्शनीनं कागद घेऊन मोठ्यानं वाचला. की चर्चची मंडळी लहान झाली आहे, इमारत जुनी आहे, जागा नानासोनं घेतल्यास मंडळीची हरकत नाही. खाली सही. माझं पान काळं होतं, त्याच्याकडं मूळ कागद होता, निळ्या शाईचा, स्वच्छ. असला पोटफुगा श काढणारा माणूस दोन जिल्ह्यांत दुसरा नाही. तारीख तुझ्या निरोपाच्या महिन्याची.

कावळे आले तरी कुणी उठलं नाही. नानासो म्हणाला, त्या कागदावर जागेला नाव लावायचा अर्ज केलाय, सत्तावीस मेला कडेगावच्या कचेरीत सुनावणी आहे, तोपर्यंत वाळवा काय वाळवायचं ते.

आता कळलं, काळं पान वेगळं का काढायचं होतं ते. पुढच्या पत्रात हिज्कीयाचं लिहू नको. तुझं लिही.

दगडा

खंडाळा,
९ मे

दगडे,

सही माझी आहे.

माझ्या शेवटच्या महिन्यात नानासो घरी आला. बरोबर दोन माणसे होती. आवाज कोणी चढवला नाही. चहा घेतला. म्हणाला, पाळकसाहेब, इमारत जुनी, वायरिंग जुनी, उद्या काही झाले तर आळ कोणावर येईल? म्हातारपणी कशाला कोर्ट पाहायचे? मग कागद पुढे केला. पैसा मी घेतला नाही. घेतला असता तर निदान चोर म्हणवून घेता आले असते. मी भ्यालो, एवढेच. त्यानंतरच्या रविवारी तुम्ही मला शाल दिलीत, हार घातला, तू कोपऱ्यात उभी राहून रडलीस. त्या दिवशी मी उपदेश कशावर केला, आठवते? हिज्कीयावरच.

त्याचे लिहू नको म्हणालीस, पण एवढे एकच लिहितो. तटाखाली टोमणे ऐकण्याआधी हिज्कीया सन्हेरीबाला शरण गेला होता. माझे चुकले, तू म्हणशील ते देतो, असे त्याने कळवले. मंदिराच्या दारांवरचे आणि खांबांवरचे सोने त्याने स्वतःच्या हाताने खरवडून शत्रूला दिले. सोने घेऊनही सन्हेरीब आलाच. हे राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. चाळीस वर्षे मी वेदीवरून हिज्कीया सांगितला, हा भाग कधी वाचला नाही.

त्याने दार खरवडले, पण पत्रेही त्यानेच पसरली. मी दार दिले आणि पसरायला तुला सांगितले. भरवसा ठेव, हे म्हणायला फार सोपे असते, नोटीस दुसऱ्याच्या दारात आलेली असली की.

कपिलला यातले काही ठाऊक नाही. तू काय ते ठरव.

शांतवन

कडेगावजवळून,
१५ मे

दादा,

वाचलं. पहिल्यांदा वाटलं, चुलीत घालावं. घातलं नाही, कारण माझ्याकडं गॅस आहे.

चार दिवस घंटेला हात लावला नाही. गावाला वाटलं, माझं दुखतंय काहीतरी. प्रियदर्शनी रोज येऊन दारात बसायची. शेवटी तिनं सांगितलं ते असं. जागा मिशनच्या ट्रस्टच्या नावावर आहे, उतारा तिनं काढला. पाळक म्हणजे भाडेकरूसारखा, त्याला जागा द्यायचा हक्कच नाही. पण कागदावर सही आहे, आणि सही करणारा गप्प बसला तर कागद बोलत राहतो. तू सत्तावीसला कडेगावला येऊन स्वतःच्या तोंडानं सांगायचंस की मला हक्क नव्हता आणि मी भिऊन सही केली. दुसऱ्यानं सांगून चालत नाही. मी विचारलं.

तुला लाज वाटेल. वाटू दे. माझी त्या दिवशी पस्तीस बायांपुढं गेली, मी मेले नाही.

आणि तुझा तो न वाचलेला भाग. त्यातनं मला एवढंच कळलं, की यानं दारं खरवडली होती, तरी पत्रं घेऊन गेला तेव्हा देवानं त्याला दारातनं हाकललं नाही. 'आधी सोनं परत आण' म्हणाला नाही. चाळीस वर्षांत हे तुला कळलं नाही, कारण तेवढंच तू गाळत होतास. मी कायम म्हणते, माणसानं कशी सगळी भाजी खावी, नुसते शेंगदाणे वेचू नयेत.

तुझं पत्र मी चर्चमध्ये नेलं. या वेळी अर्थ बरोबर लावला. वेदीपुढच्या पत्र्यावर पसरलं, हरणाबाईचे सांडगे थोडे सरकवून. वाऱ्यानं उडायला लागलं म्हणून वर दगड ठेवलाय. तू आल्याशिवाय उचलणार नाही.

खंडाळ्यातनं सातारा, साताऱ्यातनं कराड, कराडातनं कडेगाव. कपिलला सांगून ये. आणि आदल्या दिवशी ये, मला वळवाच्या आत स्वयंपाकघरावर पत्रे घालायचेत. शिडी धरायला माणूस नाही. शिडी धरायला कान लागत नाहीत.

दगडा

कडेगावजवळून,
९ जून

दादा,

सलाम. पोचल्याचं कपिलनं कळवलं. म्हणाला, बाबा एसटीत झोपले आणि उठून विचारतायत, मी सुनावणीत लय मोठ्यानं बोललो का?

लय. साहेब दोनदा म्हणाले, "आजोबा, हळू बोला," पण तुला कुठलं ऐकू येतंय. "मी भ्यालो होतो! मला हक्क नव्हता! मी देवाचं घर भिऊन दिलं!" सबंध कचेरी थांबली. बाहेर रसवंतीवाल्यानं घुंगरं थांबवली. शेजारच्या टेबलावरचा कारकून तर उभाच राहिला. चाळीस वर्षांतला तुझा सगळ्यात चांगला उपदेश तोच. लोक जागे होते.

गुरुवारी निकालाचा कागद आला. नानासोचा अर्ज नामंजूर. प्रियदर्शनीनं वाचला, मी परत वाचला, मग कोंडीबानं उलटा धरून वाचला. मी तो वेदीपुढं नेऊन पसरला. म्हटलं, देवा, नुसती रडगाणीच दाखवतात लोक तुला, हे पण बघ.

नानासो म्हणतो, वर अपील करीन. हरणाबाई म्हणते, "कर की. पुढल्या उन्हाळ्यात बी कुरडया घालायच्याच हैत." गाड्यांसाठी त्यानं आता स्वतःच्याच उसाचं अर्धा एकर मोकळं केलंय. आधीच केलं असतं तर वकिलाचा कागद वाचला असता.

पत्रे घातलेस ते बसलेत चांगले. नऊ माझ्यावर, दोन चर्चच्या कोपऱ्यावर. वळीव झाला, एक थेंब आला नाही. फक्त ऊन पडलं की सगळ्या चर्चला सांडग्याचा वास येतो आणि प्रार्थनेच्या मधेच भूक लागते.

सोबत हरणाबाईनं कुरडया दिल्यात. मंद आचेवर तळायला सांग सूनबाईला.

आता मी सकाळी उठून मेलेले शोधत नाही. काल रविवारी आम्ही चौदा जण होतो. हरणाबाई मागच्या बाकावर बसली होती. म्हणते, सावलीला आले. कोंडीबा तिला म्हणाला, "मी बी आधी सावलीलाच आलो हुतो."

बाकं पुरली नाहीत. नानासोला निरोप धाडलाय, दोनशे नकोत, सध्या पाच खुर्च्या पाठव.

दगडा